मोठ्या सभागृहातील साध्या माणसांची गाणी

ऑर्केस्ट्रा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? जयंतीच्या मंडपातला झगमगता रंगमंच, की-बोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि रफी-किशोरच्या आवाजात गाणारे गायक. आपल्या वस्त्यांमधून अशा वाद्यवृंदांनी अनेक कलावंत घडवले आहेत. त्यांच्याविषयी आपणांस आदरच आहे. पण आज वाचकांना वेगळ्याच ऑर्केस्ट्राच्या मैफलीला न्यायचे आहे. तिथे माईक नाही, निवेदक नाही, गायकही नाही. ऐंशी-नव्वद वादक असतात, पुढे एक भला मोठा काळा पियानो असतो, आणि समोर हजार-दोन हजार माणसे दोन तास मुकाट्याने बसलेली असतात.

ही मैफल आहे स्लाव्ह संगीताची. झेक, स्लोव्हाक, पोलिश, रशियन, युक्रेनी, बल्गेरियन, सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन अशा अनेक लोकसमूहांना मिळून 'स्लाव्ह' म्हणतात. यांच्या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत. जगभरच्या वाद्यवृंदांचे या संगीतावाचून पान हलत नाही. मैफलीचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. आरंभी दहा-पंधरा मिनिटांची एक रचना, मग पियानो आणि वाद्यवृंद यांचा 'कॉन्सर्टो', मध्यंतर, आणि शेवटी चार भागांची मोठी 'सिम्फनी'. आपण तीन रचना घेऊ. स्मेताना यांची 'व्हल्टावा', चायकॉव्हस्की यांचा पहिला पियानो कॉन्सर्टो आणि ड्वोर्झाक यांची नववी सिम्फनी.

कुणी म्हणेल, हे बड्या लोकांचे संगीत, आपल्याला त्याचे काय? हा प्रश्न रास्त आहे. तिकिटे महाग, कपडे झुळझुळीत, भाषा परकी. पण या संगीताच्या पोटात शिरून पाहिले तर तिथे कोण भेटते? खेड्यातले वऱ्हाडी भेटतात, रस्त्यावर भिक्षा मागणारे आंधळे गायक भेटतात, आणि कापसाच्या शेतात राबणारे गुलाम भेटतात. म्हणूनच हा लेख.

पडदा उघडण्यापूर्वी

प्रथम बैठकीची व्यवस्था समजून घेऊ. पुढच्या अर्धवर्तुळात तंतुवाद्ये असतात. डाव्या हाताला व्हायोलिन, मग व्हायोला, चेलो, आणि माणसाहून उंच डबल बास. त्यांच्यामागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून ही फुंकून वाजवायची लाकडी वाद्ये. त्यामागे पितळी वाद्ये: हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. सर्वांत मागे नगाऱ्यासारखे टिंपनी आणि झांजा. वादकांपुढे कागद असतात. प्रत्येकाने कुठे वाजवायचे, कुठे गप्प राहायचे, हे त्यात लिहिलेले असते. मधोमध उभा असतो संचालक. त्याच्या हातात फक्त एक काडी. तो स्वतः एकही सूर वाजवीत नाही, पण लय, आवाजाचा चढ-उतार आणि सर्वांचा समतोल त्याच्या हाती असतो.

कॉन्सर्टोच्या वेळी पियानो पुढे आणतात. आपल्या पेटीला तीन-साडेतीन सप्तके असतात, तर या पियानोला सातांहून अधिक, म्हणजे ८८ पट्ट्या. पट्टी दाबली की आतली लोकरी नमद्याची हातोडी तारेवर आपटते. पियानोवादक बहुधा समोर कागद न ठेवता, अर्ध्या तासाहून अधिक लांबीची रचना तोंडपाठ वाजवतो. लक्षात ठेवायची रीत एवढीच, की एक भाग संपला आणि क्षणभर शांतता झाली तरी टाळ्या वाजवायच्या नसतात. सगळे भाग संपल्यावर वाजवायच्या. आणि चुकून वाजवल्या तरी शरमून जाण्याचे कारण नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतले रसिकही मधेच टाळ्या वाजवीत.

नदी, भाषा आणि बहिरा संगीतकार

पहिली रचना 'व्हल्टावा'. व्हल्टावा ही झेक प्रदेशातली नदी. ती ४३० किलोमीटर वाहते आणि प्राग शहराच्या मधून जाते. रचनेचे कर्ते बेद्रिख स्मेताना (१८२४ ते १८८४). त्यांचे वडील बिअर बनविण्याच्या व्यवसायात होते. त्या काळी झेक प्रदेश ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या ताब्यात होता. शाळा, कचेरी, प्रतिष्ठित घर सगळीकडे जर्मन भाषा. झेक ही शेतकऱ्यांची आणि नोकरचाकरांची बोली, असा समज. स्मेताना स्वतः झेक, पण शिक्षण जर्मनमध्ये. तरुणपणीची दैनंदिनीही त्यांनी जर्मनमध्ये लिहिली. आपली मायबोली आपल्याला नीट लिहिता येत नाही, याची त्यांना लाज वाटली. वयाची पस्तिशी उलटल्यावर हा नावाजलेला संगीतकार शाळकरी पोरासारखा झेक व्याकरणाचे धडे गिरवू लागला. पुढे १८६६ साली त्यांचा 'विकलेली नवरी' हा झेक भाषेतला ऑपेरा प्रागमध्ये रंगमंचावर आला. त्यात राजेरजवाडे नव्हते, खेड्यातली माणसे होती.

याच काळात प्रागमध्ये झेक भाषेचे राष्ट्रीय नाट्यगृह उभारण्याची चळवळ सुरू होती. गावोगाव वर्गणी गोळा झाली. १८८१ च्या जून महिन्यात स्मेताना यांच्या 'लिबुशे' या ऑपेराने ते नाट्यगृह उघडले, आणि ऑगस्टमध्ये आगीत सापडले! लोक हात धरून बसले नाहीत. ४७ दिवसांत पुन्हा निधी उभा राहिला आणि १८८३ साली तेच नाट्यगृह पुन्हा उघडले. रंगमंचाच्या वर सोनेरी अक्षरांत दोनच शब्द आहेत. त्यांचा अर्थ, 'राष्ट्राने स्वतःसाठी'. आपल्या वस्तीत एकेक रुपया जमवून विहार आणि वाचनालय उभे करणाऱ्यांना या दोन शब्दांचे मोल वेगळे सांगायला नको.

'व्हल्टावा' लिहिली गेली १८७४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, अवघ्या १९ दिवसांत. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्मेताना पूर्ण बहिरे झाले होते. नाट्यगृहातले संचालकपद सोडावे लागले. कानात अखंड कर्कश आवाज, आणि बाहेरचा एक शब्दही ऐकू येत नाही. अशा अवस्थेत त्यांनी नदीचे पाणी सुरांत उतरवले. १८७५ च्या एप्रिलमध्ये ती रचना प्रागमध्ये वाजली तेव्हा लोकांनी ती ऐकली. कर्त्याला मात्र ती कधीच ऐकता आली नाही.

ऐकताना नदीबरोबर चालावे. आरंभी दोन बासऱ्या एकमेकींचा पाठलाग करतात. ते झाले डोंगरातले दोन झरे, एक थंड, एक कोमट. झरे मिळाले की व्हायोलिनवर नदीची लांब, हळवी चाल येते. मग हॉर्न वाजतात, ती जंगलातली शिकार. पुढे काठावरच्या गावात लग्न लागले आहे, पोल्का नाच चालला आहे. नदी पुढे जाते आणि नाच मागे पडतो, तो विरत विरत ऐकू येतो. मग चांदणी रात्र, मग खडकांवरून धबधबणारे पाणी. शेवटी प्रागजवळचा जुना गड, आणि मघाची हळवी चाल आता उजळ होऊन येते. सारे बारा-तेरा मिनिटांत.

ही रचना 'माझा देश' या सहा रचनांच्या मालेतली दुसरी. स्मेताना यांच्या स्मृतिदिनी, १२ मे रोजी, ही संपूर्ण माला वाजवून 'प्राग वसंत' महोत्सव सुरू करण्याची प्रथा आहे. १९४८ साली कम्युनिस्ट राजवट आली तेव्हा राफाएल कुबेलिक हे संचालक देश सोडून गेले. ४२ वर्षांनी, १९९० साली, राजवट कोसळल्यावर ते परतले. म्हातारपणी, आजारी शरीराने त्यांनी त्या महोत्सवात हीच माला संचालित केली. भाषेसाठी आणि स्वाभिमानासाठी रचलेले संगीत ११५ वर्षांनंतरही लोकांच्या कामी आले.

आंधळ्या भिक्षेकऱ्यांची चाल

आता पियानो पुढे येतो. प्योत्र चायकॉव्हस्की (१८४० ते १८९३) हे रशियन. शिक्षण कायद्याचे, सुरुवातीची नोकरी न्यायखात्यात कारकुनाची. ती सोडून ते संगीत शिकले आणि मॉस्कोच्या संगीतशाळेत शिक्षक झाले. १८७४ च्या अखेरीस त्यांनी पहिला पियानो कॉन्सर्टो लिहून पूर्ण केला आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात आपले वरिष्ठ निकोलाय रुबिनस्टाइन यांना वाजवून दाखवला. पहिला भाग संपला. रुबिनस्टाइन गप्प. सगळी रचना संपली. मग मात्र त्यांनी झोडपायला सुरुवात केली. रचना टाकाऊ आहे, वाजवण्याजोगी नाही, काही पाने सोडली तर बाकी फेकून द्यावी लागेल, असा एकूण सूर होता. चायकॉव्हस्की यांनी तीन वर्षांनी एका पत्रात हा प्रसंग लिहिला आहे. त्यात अपमानाची आग अजून धुमसते आहे. एक सूरही बदलणार नाही, आहे तसाच छापीन, एवढे उत्तर देऊन ते निघाले.

मग ती रचना जर्मन पियानोवादक हान्स फॉन ब्यूलो यांच्याकडे गेली. त्यांनी ती अमेरिकेत नेली, आणि २५ ऑक्टोबर १८७५ रोजी बॉस्टन शहरात ती जगात प्रथम वाजली. श्रोत्यांनी शेवटचा भाग पुन्हा वाजवायला लावला. आणि रुबिनस्टाइन? त्याच वर्षीच्या डिसेंबरात मॉस्कोला ही रचना झाली तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन त्यांनीच केले, आणि पुढे स्वतः पियानोवर वाजवलीही. चूक कळल्यावर ती उघडपणे सुधारण्याचे मोठेपण त्यांनी दाखवले. चायकॉव्हस्की यांनीही नंतर, राग निवळल्यावर, पियानोच्या भागात काही सुधारणा केल्याच. टीका ऐकावी, पण अपमानापुढे वाकू नये, हा दोघांकडून घेण्यासारखा धडा.

आता ऐकू. चार हॉर्न वरून खाली येणारी एक ललकारी देतात. वाद्यवृंद मोठी चाल धरतो आणि पियानो खालच्या पट्ट्यांपासून वरपर्यंत घणाचे घाव घालावेत तसे सूर उमटवतो. ही चाल जगप्रसिद्ध आहे. गंमत अशी, की तीन-चार मिनिटांनी ती निघून जाते आणि पुढच्या अर्ध्या तासात परत येत नाही. ती गेल्यावर पियानोवर एक उड्या मारणारी, अडखळत धावणारी छोटी चाल सुरू होते. तिच्याकडे कान द्या. ती चायकॉव्हस्की यांची नाही.

युक्रेनमध्ये कामियांका नावाचे गाव आहे. तिथे चायकॉव्हस्की यांची बहीण दिली होती. उन्हाळ्यात ते तिच्याकडे राहायला जात. त्या भागात आंधळे गायक गावोगाव हिंडत. कुणाकडे कोब्झा किंवा बांडुरा हे तारांचे वाद्य, तर कुणाकडे हाताने चाक फिरवून वाजवायची 'लिरा'. सोबत वाट दाखवायला एखादा पोरगा. त्यांच्या स्वतःच्या पंचायती होत्या, गुरुशिष्यांची परंपरा होती, शेकडो ओळींची गाणी त्यांना मुखोद्गत असत. बाजाराच्या दिवशी ते वाटेवर बसून गात आणि लोक भाकरतुकडा, पैसा देत. या भागातले आंधळे भिक्षेकरी सगळे हीच एक चाल गातात याचे चायकॉव्हस्की यांना नवल वाटले होते, असे त्यांच्या पत्रातून दिसते. तीच चाल त्यांनी पियानोवर आणली. तिसऱ्या भागाचा नाचरा आरंभही युक्रेनी खेड्यांत वसंत ऋतूत गायल्या जाणाऱ्या गाण्यावरचा आहे.

म्हणजे झगमगत्या सभागृहात, लाख मोलाच्या पियानोवर, जगातले उत्तमोत्तम वादक जी चाल वाजवतात, ती धुळीत बसलेल्या आंधळ्या माणसांची आहे. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कार्यक्रमपत्रिकेवर नसते.

या कॉन्सर्टोने एकदा दोन शत्रुराष्ट्रांनाही क्षणभर जवळ आणले. १९५८ च्या एप्रिलमध्ये मॉस्कोला चायकॉव्हस्की यांच्या नावाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. अमेरिका आणि रशिया यांचे शीतयुद्ध ऐन भरात होते. टेक्सासचा २३ वर्षांचा व्हॅन क्लायबर्न हाच कॉन्सर्टो वाजवून गेला आणि मॉस्कोचे श्रोते वेडे झाले. पहिले बक्षीस अमेरिकन मुलाला द्यावे की नाही, अशी विचारणा खुद्द ख्रुश्चेव्ह यांच्यापर्यंत गेल्याचे सांगतात. बक्षीस त्यालाच मिळाले. न्यूयॉर्कमध्ये त्याची भव्य मिरवणूक निघाली. त्याची पहिली पियानो-शिक्षिका कोण होती? त्याची आई.

मध्यंतरातला प्रश्न

मध्यंतरात चहा घेता घेता एका अवघड गोष्टीचा विचार करू. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. त्यानंतर रशियन संगीत वाजवावे की नाही यावर जगभर वाद झाला. एप्रिल २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धांच्या महासंघाने चायकॉव्हस्की स्पर्धेला आपल्यातून काढले. डिसेंबर २०२२ मध्ये युक्रेनच्या तत्कालीन संस्कृतिमंत्र्यांनी युद्ध संपेपर्यंत चायकॉव्हस्की यांची रचना वाजवू नका, असे आवाहन केले. दुसरी बाजू म्हणाली, १८९३ साली मेलेल्या माणसाचा या युद्धाशी काय संबंध?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याने आक्रमकाच्या दिमाखाचे संगीत ऐकू नये असे म्हटले, तर त्याला दोष कसा द्यावा? झारच्या काळात युक्रेनी भाषेत पुस्तके छापण्यावर बंधने होती. १८७६ च्या फर्मानाने ती अधिकच कडक झाली. त्याच दशकात त्याच लोकांची चाल मात्र 'रशियन संगीत' म्हणून जगभर गेली. चाल हवी, पण ती गाणाऱ्याची भाषा नको! हा अन्याय आपण ओळखू शकतो. पण उपाय ती चाल पुसून टाकणे हा नव्हे. ती ज्यांची आहे त्यांचे नाव तिच्यासमोर लिहावे, एवढे तरी व्हावे, असे आम्हांस वाटते.

खाटकाचा मुलगा आणि गुलामाचा नातू

मध्यंतरानंतरची रचना अन्टोनीन ड्वोर्झाक (१८४१ ते १९०४) यांची. प्रागच्या उत्तरेला, व्हल्टावाच्याच काठी, एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील खाटीक आणि खानावळवाले. मुलगा प्रागला आला आणि १८६२ पासून नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवू लागला. पुढे त्याच वाद्यवृंदाचे संचालक झाले स्मेताना. जवळजवळ दहा वर्षे ड्वोर्झाक मागच्या रांगेत बसून पोट भरीत होते आणि घरी येऊन रचना लिहीत होते. नाव झाल्यावर जर्मन प्रकाशक त्यांचे नाव 'अन्टोन' असे जर्मन वळणाने छापू लागला. ड्वोर्झाक यांनी हरकत घेतली. माझे नाव माझ्या भाषेत छापा! नाव ही क्षुल्लक गोष्ट नसते, हे त्यांना ठाऊक होते.

१८९२ साली त्यांना न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय संगीतशाळेचे संचालक म्हणून बोलावणे आले. पगार वर्षाला १५,००० डॉलर. शाळेच्या संस्थापिका जेनेट थर्बर या विलक्षण बाई होत्या. त्या काळच्या अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम २७ वर्षे झाली होती आणि कृष्णवर्णीयांना पावलोपावली दारे बंद होती. अशा वेळी थर्बरबाईंनी आपल्या शाळेत कृष्णवर्णीय मुलामुलींना आणि अपंगांना प्रवेश दिला. गुणवंतांची फी माफ केली.

तिथे ड्वोर्झाक यांना हॅरी बर्ले हा तरुण भेटला. त्याची कहाणी ऐका. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावी १८६६ साली त्याचा जन्म झाला. आजोबा हॅमिल्टन वॉटर्स मूळचे गुलाम. स्वतःची किंमत मोजून त्यांनी स्वतःला मुक्त केले होते. त्यांची दृष्टी गेली होती, तरी गावातले रस्त्यावरचे दिवे लावण्याचे काम ते करीत. नातू त्यांचा हात धरून चाले. दिवे लावता लावता आजोबा गुलामांची गाणी गात आणि नातू ती उचली. पाहा, युक्रेनच्या वाटेवर आंधळा गायक आणि त्याला नेणारा पोरगा, आणि अमेरिकेच्या रस्त्यावर आंधळे आजोबा आणि त्यांचा नातू!

हॅरीची आई शिकलेली होती, पण कातडीच्या रंगामुळे तिला साफसफाईची आणि घरकामाची कामे करावी लागली. एका श्रीमंत घरी ती मैफलींच्या दिवशी कामाला जाई. एकदा थोर पियानोवादक येणार म्हणून छोटा हॅरी खिडकीबाहेर बर्फात उभा राहून ऐकत राहिला आणि आजारी पडला. हे कळल्यावर घरमालकिणीने त्याला पुढच्या मैफलींना पाहुण्यांसाठी दार उघडण्याचे काम दिले. दाराशी उभे राहून का होईना, आत ऐकता येऊ लागले. पुढे पंचविशीत तो न्यूयॉर्कच्या संगीतशाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसला. तिथल्या निबंधक बाईंनी त्या ईरीच्या घरी त्याच्या आईला पाहिले होते. त्यांच्या मदतीने त्याला शिष्यवृत्ती मिळाली.

ड्वोर्झाक बर्लेला घरी बोलावीत आणि गुलामांची गाणी पुन्हा पुन्हा गायला लावीत. बर्ले त्यांच्यासाठी स्वरलिपीच्या नकला करी. १८९३ च्या मे महिन्यात ड्वोर्झाक यांनी वर्तमानपत्रातून जाहीर केले की अमेरिकेचे भावी संगीत याच कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या पायावर उभे राहिले पाहिजे. केवढी खळबळ उडाली! ज्यांना माणूस मानायची तयारी नव्हती, त्यांची गाणी देशाचा पाया? बॉस्टनच्या समीक्षकांनी नाके मुरडली. ड्वोर्झाक मागे हटले नाहीत. जानेवारी १८९४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला कृष्णवर्णीय गायकांचे वृंदगान घेऊन जाहीर कार्यक्रम केला. त्यात सिसिएरेटा जोन्स ही विख्यात कृष्णवर्णीय गायिका आणि बर्ले दोघेही गायले.

त्यांची नववी सिम्फनी, 'नव्या जगातून', १६ डिसेंबर १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजली. दुसरा भाग संपताच टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सज्जात बसलेल्या ड्वोर्झाक यांना उठून अभिवादन करावे लागले.

हा दुसरा भाग जरूर ऐका. पितळी वाद्ये हलक्या आवाजात दार उघडावे तसे काही सूर देतात. मग 'इंग्लिश हॉर्न' नावाचे, आपल्या सनईच्या दूरच्या नात्यातले वाद्य एकटेच गाऊ लागते. घर सोडून आलेल्या माणसाची हुरहूर आहे ती. ड्वोर्झाक यांची चार मुले तेव्हा मागे मायदेशी होती. पुष्कळांना वाटते की ही गुलामांचीच मूळ चाल आहे. तसे नाही. चाल ड्वोर्झाक यांची आहे. तिच्यावर शब्द बसवून गाणे केले ते त्यांच्या एका विद्यार्थ्याने, १९२२ साली. ड्वोर्झाक यांनी चाली उचलल्या नाहीत, त्यांच्यातला जीव ओळखून स्वतःच्या चाली रचल्या, असे ते स्वतः सांगत. पहिल्या भागात बासरीवर येणारी एक चाल मात्र आपल्या एका परिचित गाण्याच्या फार जवळची आहे, असे बर्ले यांनी पुढे नोंदवले.

मुलांना दाखवायची एक गंमत. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या या रचनेत झांज एकदाच वाजते, तीही हळूच, शेवटच्या भागात. बाकीचा वेळ तो वादक आपल्या एका क्षणाची वाट पाहत बसतो. पण तो नसेल तर रचना अपुरी.

आणि बर्ले? १८९४ साली न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये एकल गायकाची जागा निघाली. कृष्णवर्णीय म्हणून काहींनी विरोध केला. तरी निवड त्याचीच झाली, आणि तो तिथे पन्नासहून अधिक वर्षे गायला. आजोबांकडून मिळालेली गाणी त्याने पियानोच्या साथीसह लिहून काढली, स्वतःच्या नावाने छापली आणि मैफलीच्या मंचावर आणली. १९१७ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने त्याला स्पिंगार्न पदक दिले. ज्याने खिडकीबाहेर बर्फात उभे राहून ऐकले, त्याचे गाणे ऐकायला लोक आत येऊन बसू लागले.

आपल्या घरी

अशा मैफली मुंबईतही होतात. नरिमन पॉइंटच्या एन.सी.पी.ए. या संस्थेत २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. विख्यात संचालक झुबिन मेहता हे मूळचे मुंबईचेच, जन्म १९३६ चा. पण तिकीट काढूनच ऐकावे असे नाही. आता मोबाईलवर या तिन्ही रचना फुकट ऐकता येतात. एका रविवारी घरातली कामे आटोपल्यावर टीव्ही बंद करावा आणि मुलांना घेऊन फक्त 'व्हल्टावा' ऐकावी. झरे कुठे मिळाले, लग्न कुठे लागले, हे मुलांना ओळखू द्यावे. पुढच्या रविवारी आंधळ्या गायकांची चाल शोधावी. त्यानंतर इंग्लिश हॉर्नचे ते एकटे गाणे.

आणि एक काम त्याहून जवळचे. आपल्या आज्या जात्यावर ओव्या गात. आपले शाहीर, जलसाकार, तमाशातले ढोलकीवाले यांच्या चाली आजही सिनेमात आणि जाहिरातीत वाजतात. त्यातल्या किती जणांची नावे आपणांस ठाऊक आहेत? आजी घरात असेल तर आज संध्याकाळीच तिच्याजवळ बसा. तिला आठवते ते गाऊ द्या, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा, वहीत उतरवून घ्या. आणि पानाच्या वर तिचे पूर्ण नाव आणि गाव लिहायला विसरू नका.